पांढरी सहा आणि माळ्यावरची गिटार

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. त्यात लिहिलं होतं की हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं १९३९ मध्ये जगावर ४४० हर्ट्झचा सूर (सेकंदाला ४४० कंपनांचा, वाद्यं ज्याला जुळवतात तो) लादला, तानसेन ४३२ वर गात, आणि मेटल, के-पॉप ऐकणारी, काळे कपडे घालणारी मुलं या ४४० नं वेडी होतात, म्हणून त्यांचे हेडफोन आणि गिटार काढून घ्या. वहिनीनं शेवटचं लगेच ऐकलं. माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याची गिटार ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरी माळ्यावर पडली आहे आणि पोरगा चार दिवस कोणाशी धड बोललेला नाही.

गोबेल्सचं आधी उरकते. ४४० ची शिफारस योहान शाइब्लरनं स्टुटगार्टला केली, १८३४ साली. गोबेल्स जन्मला १८९७ मध्ये. १९३९ ला हा सूर ठरवायला परिषद झाली हे खरं, पण लंडनला. जर्मनांबरोबर फ्रान्स, ब्रिटन, हॉलंड, इटलीचेही लोक तिथे होते.

तानसेनाचं मात्र मला सहन होत नाही. ग्वाल्हेरात राहून, हजिऱ्याला त्यांच्या समाधीपाशी गाणी ऐकत वाढलेल्यांनी हे पुढे पाठवावं? तानसेन सोळाव्या शतकातले. सूर जुळवायचा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) निघाला १७११ मध्ये, तोही इंग्लंडात. त्यांचा सा मोजला कोणी? आपल्याकडे सा बांधलेला नसतोच. मी काळी चारमध्ये गाते, माझे गुरुजी काळी एकमध्ये गात. तंबोरा गळ्याप्रमाणे लागतो. मग हे ४३२ कुठल्या तारेतून काढलं?

आणि ते वेड. वहिनीकडे दर गुरुवारी दत्ताची भजनं होतात, पेटीवर. परवा मी त्याच पेटीची पांढरी सहा, म्हणजे ज्या सुराचा हा ४४० आकडा आहे ती पट्टी, दाबून धरली आणि फोनवरचं ट्यूनर तिच्यासमोर ठेवलं. आकडा आला ४४१. आजच्या बहुतेक पेट्या ४४० च्याच आसपास लावलेल्या असतात. बारा वर्षं त्या सुरात भजनं म्हणणाऱ्या बायकांना काही झालं नाही, मग पोराला काय होणार? वहिनी आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण ते लोक काळे कपडे घालतात ना!" घालू देत. पोरगा केस वाढवतो, एकाच गाण्यातला चार मात्रांचा तुकडा शंभरदा वाजवतो. आम्ही पहाटे उठून एकच पलटा घोटायचो, तेव्हा घरात कोणाला काळजी वाटली नव्हती.

हेडफोनचं थोडं मानावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्यांसाठी मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५. त्याच्या हेडफोनचा आवाज बाहेर मला ऐकू येतो, तेव्हा तो कमी करायला मीच सांगेन. पण तो प्रश्न आवाजाचा झाला, सुराचा नाही.

वहिनी, माळ्यावर पत्रा तापतो, गिटारचं लाकूड वाकेल. उद्या सकाळी मी शिडी घेऊन येते.