अधिकस्य अधिकं चलान

आमच्या घरात सगळं तिथीनं चालतं. वाढदिवस तिथीनं, श्राद्ध तिथीनं, आणि गाडीचा विमा दसऱ्याला. 2022 च्या दसऱ्याला, म्हणजे 5 ऑक्टोबरला, सोसायटीतल्याच एका गृहस्थांची जुनी गाडी घेतली आणि त्याच दिवशी माझ्या नावानं विमा उतरवला. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं: झेंडूचा हार, आपट्याची पानं आणि विम्याचा हप्ता, एकाच दिवशी.

पुढच्या वर्षी पाचव्या माळेला आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीला निघालो. गुरुवार, म्हणून सौ. पिवळ्या साडीत. घोडबंदर रोडनं कापूरबावडी गाठेपर्यंत त्या साडीची इस्त्री मोडली होती. खोपटच्या अलीकडे एका वाहतूक पोलीस ताईंनी हात केला.

"काका, गाडी बाजूला घ्या."

काका म्हटल्यावरच मी निम्मा खचलो. तरी सीटबेल्ट होता, पीयूसी ताजी होती, आणि माझ्याकडे फाईल होती. तिच्यात आधीच्या मालकाच्या सर्व्हिसिंगच्या पावत्यासुद्धा आहेत. ताईंनी फाईलकडे पाहिलंही नाही. हातातल्या मशीनवर नंबर टाकला.

"इन्शुरन्स संपलाय."

"शक्यच नाही. वर्षाचा आहे, दसऱ्याला काढलेला. दसरा अजून यायचाय!"

"4 तारखेला संपलाय. आज 19."

मी हसलो. म्हटलं मशीन चुकलं असेल. ऐटीत डिजिलॉकर उघडलं. तिथंही 4 ऑक्टोबर. (कंपनीचे मेसेज आले होते म्हणे. पण त्याच नंबरावरून मला वर्षभर कर्जही देऊ करतात.)

ताईंचा उपवास असावा. आवाज शांत होता, पण डोळे भुकेले. "काका, यंदा अधिक श्रावण होता ना? दसरा 24 तारखेला गेलाय. कंपनी अधिक महिना पाळत नाही."

"आणि यांना तो माहीत नव्हता असंही नाही," सौ. खिडकीतून म्हणाली. "माझ्या माहेरी तेहतीस अनारसे खाल्लेत."

बायको कुणाच्या बाजूची आहे हे कळायला नाक्यावर अडवलं जावं लागतं. अनारशांचा उल्लेख निघाल्यावर माझी बाजू संपलीच होती, तरी मी म्हणालो, "अहो, पण वर्षभरात गाडीला साधा ओरखडा नाही!"

"विमा तुमच्या गाडीसाठी नाही सक्तीचा. तुम्ही ज्याला ठोकाल त्याच्यासाठी आहे." मग त्यांनी कलम 196 सांगितलं. पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे.

"तीन महिने?" सौ.नं विचारलं. त्या विचारण्यात काळजी किती आणि हिशेब किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तीन महिन्यांत दिवाळी येत होती, माळ्याची साफसफाई माझ्याकडे असते.

गाडीचा फोटो निघाला, मोबाईलवर चलानाचा मेसेज आला. विम्याचा मेसेज वाचायला मला पंधरा दिवस पुरले नव्हते, हा मी तीनदा वाचला. छोट्या गाडीच्या या सक्तीच्या, म्हणजे थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर तेव्हा जीएसटी सोडून 2,094 रुपये होता. म्हणजे दंडात आणि त्यात 94 रुपयांचा फरक. एवढ्यात हल्ली नाक्यावर दोन मिसळीसुद्धा येत नाहीत.

"आता विमा उतरवूनच गाडी हलवा," ताई म्हणाल्या.

मी तिथंच फोनवर बसलो. थर्ड पार्टीवर भागलं असतं, पण मार बसल्यावर माणूस पूर्ण पॅकेज घेतो. आणि मुदत उलटून गेलेली, म्हणून कंपनीला गाडीचा व्हिडिओ हवा होता. अ‍ॅपवर सूचना आली: समोरून सुरुवात करा, न थांबता गाडीभोवती पूर्ण फेरी मारा.

भर खोपटात, दोन्ही हातांत मोबाईल धरून, मी हळूहळू गाडीला प्रदक्षिणा घालू लागलो. मागच्या बंपरपाशी मला एक पोचा दिसला, जो साधा ओरखडा नव्हता. सौ. आकाशाकडे बघू लागली.

पहिला व्हिडिओ हलला म्हणून नापास झाला. दुसऱ्या फेरीला देवीला निघालेल्या एक आजी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिवळ्या साडीतल्या सौ.कडे पाहिलं, चपला काढल्या आणि बॉनेटला हात जोडले.

तिसऱ्या फेरीला ताईंनी मागची रिक्षा थांबवली. "जरा थांबा हो, काकांची पूजा चाललीय."