'आजीचं विज्ञान' आणि थर्मामीटर

थंडी पडली की आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या ग्रुपवर 'आजीचं विज्ञान' नावाचा एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: स्टील-लोखंड मुळातच थंड, लाकडापेक्षा आठ-दहा अंशांनी कमी, म्हणून बसायला लाकडी पाटच घ्या. लोकर उष्ण, घोंगड्यातून ऊब बाहेर पडते. माती शीत, म्हणून मडक्यातलं पाणी गार. आणि पाणी जितकं खळखळेल तितकं जास्त तापतं, तेव्हा डाळ मोठ्या आचेवर लवकर शिजते. पाट, घोंगडं, मडकं खुशाल वापरा. कारणं मात्र चारही चुकीची आहेत, आणि आजीच्या नावावर खपवलेली.

आधी लोखंड. रात्रभर एकाच खोलीत राहिलेला स्टीलचा डबा आणि लाकडी पाट पहाटे एकाच तापमानाला आलेले असतात. खोली 15 अंशांवर असेल तर दोन्ही 15. ते आठ-दहा अंश कुठल्याच थर्मामीटरवर दिसायचे नाहीत. आपली कातडी असते 33 च्या आसपास, आणि स्टीलमधून उष्णता लाकडाच्या शंभरेक पट सहज वाहते. त्यामुळे बोटातली ऊब भराभर निघून जाते. बोटाला कळतो तो उष्णता जाण्याचा वेग. लोखंड स्वभावानंच थंड असतं, तर मे महिन्यात दुपारी गेटची कडी उघडताना हात का भाजला असता?

घोंगड्याचा निकाल बर्फवाला लावतो. लादी वितळू नये म्हणून तो ती भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो; घोंगडं गुंडाळलं तरी हेच होईल. लोकरीत अडकलेली हवा उष्णता अडवते, आतली आत आणि बाहेरची बाहेर. ऊब अंगाचीच.

मडक्याचं प्रकरण जास्त मजेचं आहे. खानापूरच्या मडक्याला बाहेरून ऑइलपेंट फासा. माती तीच, पण पाणी गार होणं जवळजवळ थांबेल. पाणी गार होतं ते छिद्रांतून पाझरून बाहेरच्या अंगावरून उडतं म्हणून, आणि उडताना ते उष्णता घेऊन जातं. हिशेब करा: दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायला सुमारे 420 किलोज्यूल काढावे लागतात. एक लिटर पाणी उडताना साधारण 2400 किलोज्यूल नेतं. म्हणजे पावणेदोनशे मिली उडालं तरी काम झालं. बाहेरून उष्णता आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं, एवढंच. जुलैत खानापूरकडे पाऊस कोसळत असताना हेच मडकं का हरतं, तेही यातच आलं. हवाच पाण्यानं भरलेली, मग पाणी उडून जाणार कुठे?

आता डाळ. गॅस फुकट जातो तो इथे. पाणी एकदा उकळायला लागलं की आच कितीही वाढवा, तापमान तिथंच राहतं. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ते 100 अंश, तर बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यानं इथे साडेसत्त्याण्णवच्या आसपास. वरून दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. खळखळाट वाढतो, पातेलं लवकर आटतं, डाळ मात्र आपल्याच चालीनं शिजते. तिला हवं असतं तापमान, आणि ते वाढवायचं तर दाब वाढवावा लागतो. म्हणून कुकर. त्यात पारा 120 च्या जवळ जातो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक केली तरी दाब टिकून असेपर्यंत डाळीला काही फरक पडत नाही.

मोठ्या आचेचा उपयोग कुठे, तर पाणी घालवायचंच असतं तिथे. चिकोडी-निपाणीकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस हात आखडता घेत नाही, कारण काहिलीतल्या रसाचं बहुतेक पाणी उडवायचं असतं आणि जितकी उष्णता तितकी वाफ. तिथं शेवटी तापमानही चढतं, पण ते आचेमुळे नाही. पाणी उडत जाऊन साखरेचा पाक दाट होतो आणि दाट पाकाला उकळायला जास्त तापमान लागतं. गूळ व्हायच्या सुमारास तो 118 च्या घरात पोचलेला असतो, आणि तेव्हा काहील उतरवायला उशीर केला की गूळ करपतो.