पालीच्या शेपटीवरची पाच वर्षं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पीएच.डी.वरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: पालीच्या शेपटीवर पाच वर्षं गाइडची हमाली करायची, मग पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, नावाखाली आणखी चार, तिशी उलटली तरी नोकरी नाही, बडोद्यातल्या मुलींना मी या वाटेला का लावते? आपल्या भाचीने नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केली आहे, तेव्हा ही काळजी घरचीच आहे.

आधी शेपटीबद्दल. पालीची शेपटी मणक्यातल्या ठरलेल्या कमकुवत जागी तुटते. जखमेवर त्वचेच्या पेशी सरकतात, त्यांच्याखाली नव्या पेशींचा उंचवटा तयार होतो आणि काही आठवड्यांत शेपटी येते. या नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. त्याच पालीचा पाय तुटला तर तो मात्र परत येत नाही. आपल्यासारखाच व्रण राहतो. एकाच शरीरात एक जखम नवा अवयव घडवते आणि दुसरी नुसती बुजते, हे का, याचा शोध आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या प्राणिशास्त्र विभागात कित्येक वर्षं चालला आहे. माणसाच्या जखमेशी याचा संबंध नाही असं मला म्हणवत नाही.

वर्षं कशात जातात तेही सांगते. शेपटी उन्हाळ्यात भराभर वाढते, थंडीत रेंगाळते. म्हणून जानेवारीतला प्रयोग मेमधल्या प्रयोगाशी ताडता येत नाही. एखादं प्रथिन औषधाने रोखलं आणि शेपटी आखूड आली, तर ती प्रथिनाअभावी की औषधाच्या विषाने? स्लाइडवर नव्या विद्यार्थ्याला जे हवं असतं तेच दिसतं. स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला शिकणं, हीच खरी पीएच.डी., आणि ती घाईने होत नाही.

हमालीचं म्हणाल तर जर्मन संशोधक हिल्डे मँगोल्डचं काम पाहा. न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. फिकट रंगाच्या न्यूटच्या भ्रूणातला इवलासा तुकडा तिने गडद न्यूटच्या भ्रूणात बसवला आणि तिथे दुसरा भ्रूण उभा राहिला. रंगांतल्या फरकामुळेच कळलं की त्यातल्या बऱ्याच पेशी यजमानाच्या, म्हणजे गडद भ्रूणाच्याच, होत्या. तुकड्याने त्यांना कामाला लावलं होतं. बहुतेक भ्रूण मरत असताना तिने हे साधलं, तेही पीएच.डी.ची विद्यार्थिनी असताना. शोधनिबंध 1924 मध्ये आला, त्याच वर्षी ती अपघातात गेली. 1935 चं नोबेल तिच्या गाइडला, हान्स स्पेमानना मिळालं. हात तिचे होते, आणि विकासजीवशास्त्र शिकणारा प्रत्येक जण आज तिचं नाव घेतो.

पैशाबाबत आणि पोस्टडॉकबाबत आपलं निम्मं म्हणणं मला पटतं. 2023 पासून जेआरएफला, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या शिष्यवृत्तीत, महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, पण ते वेळेवर हातात पडेल याची खात्री नसते. घरून आधार नसलेल्या मुलीचे त्यात फार हाल होतात, आणि याची मला चीड आहे. वर्षावर्षाची मुदतवाढ देत तेच जुनं काम करून घेणारा पोस्टडॉक मीही शिक्षण मानत नाही. प्राणी बदलावा, प्रश्न स्वतःचा निवडावा, यासाठी तो असतो. पालीवर काम केलेली मुलगी झेब्राफिश या छोट्या माशाकडे गेली, तर पारदर्शक भ्रूणात दुसऱ्याच दिवशी धडधडणारं हृदय तिला जिवंतपणी पाहता येतं, आणि जे पालीत विचारताच येत नव्हतं ते विचारता येतं.

भाचीला अडवू नका. कुठल्याही लॅबमध्ये नाव घालण्याआधी तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिने एकटीने भेटावं. आधीचे कुठे गेले, किती वर्षांत सुटले, स्वतःचा पेपर स्वतः लिहिला का, हे विचारावं. उत्तर देताना ते गाइडच्या केबिनकडे बघायला लागले, तर दुसरी लॅब शोधावी.