‘वॉरंटी नुसती छापायला असते’, म्हणे

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत पाच जणांनी पाठवलाय, आणि त्यातल्या दोघांना तर कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला. मजकूर थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्डवरची (कॉम्प्युटरचं चित्र स्क्रीनवर आणणारा भाग) तीन वर्षांची वॉरंटी नुसती छापायला असते, सर्व्हिस सेंटर काहीतरी खुसपट काढून नाकारतंच. कार्डाच्या स्क्रूवरचा ‘फाडल्यास वॉरंटी रद्द’वाला स्टिकर कोर्टाने बेकायदा ठरवलाय, बिनधास्त फाडा. बदलून मिळतं ते दुसऱ्याचं दुरुस्त केलेलं कार्ड, म्हणजे फसवणूकच. ग्राहक मंचात गेलात तर वकिलाची फी कार्डाहून जास्त, वर दहा वर्षं जातात. तेव्हा बिलाच्या नादाला लागू नका, १८ टक्के वाचवा. शेवटी एक फोन नंबर. त्या नंबराकडे नंतर येतो.

मी कोणा कंपनीची वकिली करायला बसलेलो नाही. बारा-तेरा वर्षं ओळखीपाळखीत मशीन जोडून देतोय, बहुतेक व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना, थोडी गेमिंगवाली पोरं. बिघडलेली कार्डं घेऊन सर्व्हिस सेंटरला खेटे घालणं त्यातच आलं. या मेसेजमधला राग मला समजतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अडाणी आहे.

‘सर्व्हिस सेंटर नाकारतंच.’

नाकारायचा प्रयत्न होतो, हे खरं. माझंच सांगतो. मी माहीमला राहतो, समुद्र दोन गल्ल्या पलीकडे. कार्डाला दोन वर्षं झाली होती आणि ऐन जुलैत स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचायला लागले. केबल बदलली, ड्रायव्हर साफ करून पुन्हा टाकला, दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिलं; चौकोन तिथेही. म्हणजे मेमरी गेली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, छत्री सांभाळत, लोकलने सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने दिव्याचं भिंग ओढलं. आधी स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी पाहिली, मग पंखे, मग मागची पोर्टची पत्र्याची पट्टी. तिथे थांबला. ‘सर, रस्ट आहे. सीआयडीमध्ये जाईल.’

सीआयडी म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोलिसात देतायत. गंज होता, नाही असं नाही. एचडीएमआय पोर्टशेजारी मोहरीएवढे दोन तपकिरी ठिपके. मुंबईचा पावसाळा दाराची कडी सोडत नाही, शिवणाच्या डब्यातली सुई सोडत नाही, तो या पत्र्याला कसा सोडेल? मी म्हटलं, ‘पत्र्यावरच्या गंजाने मेमरी कशी गेली, तेवढं जॉब शीटवर लिहून द्या.’

‘सर, तसं आम्ही लिहीत नाही.’

‘मग वॉरंटी नाकारली एवढंच लिहा. खाली सही-शिक्का.’

तो आत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला आणि काही न बोलता जॉब शीट, म्हणजे कार्ड जमा केल्याची पावती, छापली. त्यावर ‘पट्टीवर किरकोळ गंज’ अशी नोंद होती आणि कार्ड जमा करून घेतलेलं होतं. एकोणीस दिवसांनी बदली कार्ड मिळालं. तोंडी ‘नाही’ म्हणायला काउंटरवाल्याला काही लागत नाही. लेखी म्हणायचं तर वरच्याला विचारावं लागतं, एवढाच त्यातला फरक. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला वरून यादी दिलेली असते: गंज, जळाल्याचा डाग, वाकलेलं बोर्ड, उडालेला भाग.

आणि कधीकधी ती यादी बरोबरही असते. डोंबिवलीच्या एका मित्राने स्लॉटची खिट्टी न दाबता कार्ड उपटलं, वर स्क्रूड्रायव्हर निसटला. सोनेरी पट्टीच्या वर बाजरीच्या दाण्याएवढा कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) उडालेला. भिंगातून पाहिलं तर तिथे दोन उघडे चकचकीत ठिपके, जणू दात पडलेली हिरडी. कार्ड नाकारलं, ते योग्यच होतं. तो मित्र आजही सगळ्यांना सांगतो की कंपनीने फसवलं. असे मेसेज बहुधा अशांच्याच हातून पुढे जात असावेत.

याच मुद्द्यात घुसडलेलं आणखी एक वाक्य आहे: ‘कंपन्या दोष कधीच कबूल करत नाहीत.’ आपणहून करत नाहीत, एवढं म्हणा. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीची ‘रेडिऑन ७९०० एक्सटीएक्स’ नावाची स्वतःची कार्डं ११० अंशांवर जाऊन मंदावायला लागली, लोकांनी मोजून दाखवलं, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने मान्य केलं की काही कार्डांच्या व्हेपर चेंबरमध्ये, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या बंद डबीत, पाणी कमी भरलं गेलं होतं. ती बदलून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या नव्याकोऱ्या आरटीएक्स ५०९० कार्डांत १७६ ऐवजी १६८ आरओपी (चिपमधले चित्र रंगवणारे भाग) दिसायला लागले. एनव्हिडियाने सांगितलं की सुमारे अर्धा टक्का कार्डांत ही चूक राहिलीय, ज्या कंपनीचं कार्ड आहे तिच्याकडून बदलून घ्या. दोन्ही वेळा आधी गिऱ्हाइकाने पाहिलं, मग कंपनीने तोंड उघडलं. आरओपीचा आकडा जीपीयू-झेड या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये एका खिडकीत दिसतो. कार्ड आणल्या दिवशी तो उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. मेसेज फॉरवर्ड करायला लागतात त्याहून थोडी जास्त.

‘स्टिकर कोर्टाने बेकायदा ठरवलाय.’

कुठल्या कोर्टाने? ही गोष्ट अमेरिकेची आहे, आणि तिथेही कोर्ट नाही. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्याच्या आधारे फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेने एप्रिल २०१८ मध्ये वॉरंटीच्या अशा अटींबद्दल सहा कंपन्यांना इशारे पाठवले, आणि जुलै २०२४ मध्ये स्टिकरवरूनच एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक या तिघांना. त्या पत्रांचा माहीमच्या किंवा मालाडच्या गिऱ्हाइकाला काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. ते पोर्टल आहे, कायदा नव्हे. स्टिकर लावू नका असं सांगणारा नियम भारतात नाही.

मग थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप; तो बदलायला स्टिकरखालचा स्क्रू काढावा लागतो) बदलायचीच नाही का? बदला, पण आधी त्या कंपनीला ईमेल करून विचारा. काही कंपन्या हरकत घेत नाहीत, काही साफ नाही म्हणतात. उत्तर आलं की ते जपून ठेवा. ईमेल न करता स्टिकर फाडलात आणि महिन्याभराने कार्ड मेलं, तर काउंटरवर अमेरिकेचा कायदा सांगत बसाल आणि समोरचा मुलगा तुमच्या मागच्या माणसाला पुढे बोलावेल.

‘बदलून मिळतं ते दुरुस्त केलेलं कार्ड.’

हो, बहुतेक वेळा तसंच असतं, आणि वॉरंटीच्या अटींमध्ये ते लिहिलेलंही असतं. दोन वर्षं वापरलेल्या कार्डाच्या बदल्यात कोरं मिळावं, ही अपेक्षा मला तरी जरा जास्तच वाटते. उरलेली वॉरंटी तेवढीच राहते, नव्याने तीन वर्षं सुरू होत नाहीत. लक्ष द्यायचं ते दुसरीकडे: बदली कार्डाचा सीरियल नंबर वेगळा असतो, तुमच्या बिलावरचा जुना. दोन्ही नंबर असलेली जॉब शीट बिलाला टाचून ठेवली नाही, तर पुढच्या वेळी ‘हे कार्ड तुमचं नाहीच’ हे ऐकायची तयारी ठेवा.

‘मंचात वकील लागतो, दहा वर्षं जातात.’

वकील लागतोच असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य. कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो नाहीतर तैवानला, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) करता येते. ती ऑनलाइन दाखल होते. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने, वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, ते नाकारत नाही. म्हणूनच मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो. तिथे निकाल लागत नाही, तक्रार कंपनीकडे पोचते. जॉब शीट, बिल, ईमेल जोडलेले असले की सर्व्हिस सेंटरमध्ये दीड महिना ‘पार्ट यायचाय’ म्हणून पडलेलं कार्ड हलतं, हे दोनदा पाहिलंय. एकदा नाही हललं. तेव्हा कार्डाच्या मालकाला मुंबई ग्राहक पंचायतीकडे जा म्हटलं. १९७५ पासून त्यांचं हे काम चालू आहे आणि कागद कसे लावायचे ते नीट समजावून सांगतात. तो गेला नाही. कंटाळला, नवं कार्ड घेतलं.

‘बिलाचा नाद सोडा, १८ टक्के वाचवा.’

खरी मेख इथे आहे. वरचे चारही मुद्दे हा पाचवा गळी उतरवण्यासाठी रचलेत. हिशेब करा: ४०,००० च्या कार्डावर जीएसटी ७,२००. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कच्च्या बिलावर घ्यायला गेलात तर यातले दोन-अडीच हजार तुमच्या खिशात राहतात, उरलेले कोणाच्या खिशात जातात ते ओळखा. आणि त्या दोन-अडीच हजारांत तुम्ही काय विकता? बिलाशिवाय काही कंपन्या कार्ड घेतच नाहीत. काही सीरियलवरून घेतात, पण मग वॉरंटी तुम्ही घेतल्या दिवसापासून न मोजता माल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून मोजतात. दुकानात आठ महिने धूळ खात पडलेलं कार्ड असेल तर आठ महिने तिथेच गेले. दुबईहून बॅगेतून आलेल्या कार्डाची तर इथले बहुतेक सर्व्हिस सेंटर दखलही घेत नाहीत.

बिल न देणं ही त्याच २०१९ च्या कायद्यातल्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिल घेताना मी त्यावर सीरियल नंबर लिहून मागतो, नुसतं मॉडेलचं नाव चालत नाही. आणि खोका उलटून आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीचा फोन छापलेलं लेबल आहे का ते बघतो. ते नसेल तर माल कुठल्या वाटेने आला ते दुकानदाराला विचारून उपयोग नसतो. मी खोका परत ठेवतो.

आता तो फोन नंबर. परवा लावला. मेसेज वाचला म्हटलं, एक कार्ड हवंय. माणूस गोड बोलत होता, भाव पटापट सांगितले. मी विचारलं, वॉरंटी?

‘आहे ना साहेब. सात दिवस टेस्टिंग वॉरंटी.’

‘आणि नंतर काही झालं तर?’

‘मग कंपनीकडे जायचं. तीन वर्षं कंपनीची असतेच की.’

‘त्यांना बिल लागेल.’

‘बिल देतो ना. १८ टक्के वेगळे पडतील.’