‘छुपे चार्जेस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

शनिवारी आमच्या समुद्रकाठच्या कॅम्पवर तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सकाळची शेवटची बादली कोमट होती, हे खरंच आहे. आमचा बंब 60 लिटरचा. लागोपाठ तीन बादल्या काढल्या की गार पाणी भरावं लागतं आणि ते तापायला अर्धा तास तरी जातो. आमच्याकडच्या पोराने तुम्हाला तसं सांगायला हवं होतं. त्या बादलीचे 40 रुपये परत करतो.

पण ‘900 रुपये दाखवून छुपे चार्जेस लावले’ हे वाचून फार लागलं. नऊ तंबूंचा कॅम्प आहे आमचा. लोक रिव्ह्यू वाचूनच मुंबईतल्या मार्वेहून मनोरीच्या बोटीत बसतात, म्हणून सगळा हिशोब इथे मांडतो. माणशी 900 मध्ये तंबू, रात्रीचं जेवण आणि नाश्ता, म्हणजे चौघांचे 3,600. लाकडाच्या दोन मोळ्या 700, गरम पाण्याच्या सात बादल्या 280, बार्बेक्यूची शेगडी दोन किलो कोळशासकट 450. एकूण 5,030. हे सगळे दर बुकिंगच्या मेसेजमध्ये होते आणि तुमचं ‘ओके’ही त्याखालीच आहे.

‘समुद्रावर लाकूड फुकट पडलेलं असतं, त्याचे 350 कसले?’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, भरतीबरोबर येतं ते लाकूड खारं आणि ओलं. पेटता पेटत नाही आणि धुराने डोळे चुरचुरतात. त्यात पेट्यांच्या रंगवलेल्या, खिळे असलेल्या फळ्याही असतात. त्या जाळून त्यावर मुलांना मका भाजून द्यायचा का? खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातही लावता येत नाही, 2005 पासून हायकोर्टाची बंदी आहे. आम्ही वखारीतून सुकं सुरूचं लाकूड आणतो. मोळी 8 किलोची, वर पेटवणासाठी नारळाची सोडणं. आधी सोडणं, त्यावर बारीक ढलप्या, मग एका वेळी दोनच ओंडके, असं लावलं की मोळी दोन तास सहज पुरते. तुमच्याकडे सगळे ओंडके एकदम टाकले गेले. जाळ कमरेएवढा झाला आणि पाऊण तासात संपला. पोराने दोनदा सांगितलं होतं. दुसरी मोळी तुम्हीच पावणेबाराला मागवलीत आणि ती द्यायला माणूस झोपेतून उठला. शेकोटी विझवताना वाळू टाकू दिली नाही, त्याला तुम्ही अरेरावी म्हटलंत. वाळूखाली निखारा तासन् तास धगधगत राहतो, वरून काही दिसत नाही आणि सकाळी अनवाणी पोरांचे पाय भाजतात. म्हणून आम्ही पाणीच ओततो, तेही दोनदा, मधे काठीने ढवळून.

पवना धरणाकाठच्या कॅम्पवर सगळं धरून एकच दर असतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे मोठ्या कॅम्पवर एकच मोठी शेकोटी पेटते, सगळे तिच्याभोवती बसतात. इथे प्रत्येक तंबूची शेकोटी वेगळी. एक मोळी, चार बादल्या आणि शेगडी दरात धरली तर माणशी 240 वाढतात, दर 1,140 होतो. त्याच रात्री शेजारच्या चौघांचं बिल 3,760 झालं, कारण त्यांनी गरम पाण्याच्या चार बादल्याच घेतल्या. न पेटवलेल्या शेकोटीचे पैसे त्यांच्याकडून कुठल्या तोंडाने मागू?

तरीही एकत्र दराचा पर्याय ठेवायचं आमचं चाललं आहे, बघू कसं जमतं ते. दरपत्रक जेवणाच्या मांडवातही मोठ्या अक्षरांत लावतो. 40 रुपये कुठल्या नंबरवर पाठवू ते बुकिंगच्याच मेसेजवर कळवा, आजच पाठवतो.