‘व्होरोनॉय लावा, काहीही फोडा’ म्हणे

आमच्या नाशिकच्या ॲनिमेशनवाल्या पोरांच्या ग्रुपवर परवापासून एक रील फिरतंय, म्हणणं काय तर फ्रॅक्चर (म्हणजे थ्रीडीत वस्तू फुटताना दाखवणं) शिकायची आता गरजच नाय, व्होरोनॉय (वस्तूचे तुकडे पाडायची एक रीत) लावा, तुकडे वाढवा, बाकी खरं फिजिक्स कॉम्प्युटर बघतो. पोरं खरं मानायला लागलीत म्हणून लिहितोय.

आधी व्होरोनॉय. ती निव्वळ भूमिती आहे हो. वस्तूत ठिपके टाकायचे, जो भाग ज्या ठिपक्याच्या जवळ तो त्याचा, झाला तुकडा. मार कुठे बसला, वस्तू मातीची का लाकडाची, त्याला काही घेणंदेणं नाय. गेल्या उन्हाळ्यात आमचा माठ जिन्यावरून सुटला, आई ओरडतेय आणि मी मोबाइल घेऊन फोटो काढतोय (शिव्या पडल्या त्या वेगळ्या). आपटला तिथे पार चुरा, पोटाच्या मोठाल्या खापऱ्या, आणि गळा जवळजवळ अख्खा! नुसत्या व्होरोनॉयने सगळीकडे सारख्याच सपाट कडांच्या फोडी पडतात, कलिंगड कापल्यासारख्या. म्हणून माराच्या जागी ठिपके दाट टाकायचे, कडांना नॉइज (मुद्दाम आणलेला वेडावाकडेपणा) द्यायचा, लाकूड असेल तर रेषांच्या दिशेने लांबट चिरफळ्या काढायच्या. हे क्लिकने होत नाय, बघून होतं.

तुकडे वाढवा म्हणे. वाढवा की, मशीन झोपेल. बारीक चुरा आणि धूळ शक्यतो पार्टिकल (सुटे बारीक कण) म्हणून वेगळीच सोडतात.

आता ते खरं फिजिक्स. ते आहे, नाही कोण म्हणतंय, टेरझोपोलोस आणि फ्लायशर या संशोधकांनी १९८८ मध्येच फाटणं-तुटणं सिम्युलेट केलं होतं, १९९९ मध्ये ओब्रायन आणि हॉजिन्स यांनी वस्तूचे बारीक चौफलक (चार बाजूंचे ठोकळे) करून ताण मोजला, ताण सोसवेना तिथे भेग, आणि भेग जाईल तसा मेश (त्या ठोकळ्यांची जाळी) चिरत न्यायचा. पण हे जड पडतं, वर डायरेक्टरला भेग डावीकडूनच हवी असते. म्हणून बऱ्याच शॉटमध्ये वस्तू आधीच फोडून ठेवतात, तुकडे ग्लूने (सॉफ्टवेअरमधल्या खोट्या जोडाने) चिकटवतात, ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त दणका बसला की ग्लू सुटतो. ती ताकद किती, हे आपण ठरवतो, कॉम्प्युटर नाय.

आणि स्केल, म्हणजे सीनचं माप! १ मीटरवरून पडायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, तोच सीन शंभरपट मोठा बनला तर ४.५. माझ्या पहिल्या शॉटमध्ये माठ तरंगत तरंगत खाली आला आणि मी दोन दिवस सॉल्व्हरला (हालचालीचं गणित करणाऱ्या प्रोग्रामला) शिव्या घालत बसलो. त्याची काय चूक, मीच त्याला पंधरा मजली माठ दिला होता.