पैसे बोटांचे

परवा शनिवारी माझा निकॉन डी७२०० कॅमेरा सॅकमध्ये घालून फोर्टात गेलो होतो. विकायलाच. बायकोला सांगितलं होतं, नुसतं विचारून येतो. काउंटरवरच्या मुलाने बॉडी हातात घेतली, उलटीपालटी केली, लेन्स काढून आरशावर तोंडानेच फुंकर मारली (मारू नये, थुंकी उडते, पण सांगणार कोण) आणि शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, पाहिला. अडुसष्ट हजार. "सर, कंडिशन मस्त आहे, पण डीएसएलआरला आता विचारतं कोण?" असं म्हणत कॅल्क्युलेटरवर एक आकडा टाकून तो माझ्याकडे फिरवला. तेवढ्यात एक ट्रायपॉड आला असता. तोही फार चांगला नाही.

राग त्याचा नाही आला. धंदा आहे. निकॉन काय, कॅनन काय, २०२० नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, काढलेला नाही, सगळं मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे गेलंय. पण सीएसएमटीपर्यंत चालत येताना वाटलं, नऊ वर्षं वापरलेल्या वस्तूबद्दल आपण कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून आज लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

२०१६च्या दिवाळीत घेतला. बोनस आणि मुदतीआधी मोडलेली एक आरडी. समोर दोन पर्याय होते. डी५३०० बराच स्वस्त, सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित पुसट करणारी काच) नाही, शिवाय बाहेर काढून फिरवता येणारा स्क्रीन. आणि डी७२००: महाग, सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच, लो-पास फिल्टर नाहीच, स्क्रीन मात्र जागच्या जागी चिकटलेला. हा हिशोब घरी मांडल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे जास्त पैसे देऊन एक गोष्ट कमी?" कागदावर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आजही कुणी "किती मेगापिक्सेलचा?" असं विचारलं की मला तो कागद आठवतो.

माझं मत असं की मधल्या वर्गातल्या कॅमेऱ्यात जादा पैसे फोटोचे नसतातच. ते बोटांचे असतात. थोडे डोळ्याचे.

डोळ्याचं आधी उरकतो. स्वस्त मॉडेलच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, आरशांची जुळणी असते आणि फ्रेमचा साधारण ९५ टक्के भाग दिसतो. डी७२००मध्ये काचेचा भरीव प्रिझम आहे आणि फ्रेम १०० टक्के दिसते. पाच टक्क्यांनी काय होतं? गर्दीत त्या पाच टक्क्यांत कुणाचं तरी कोपर असतं. मुंबईत तर असतंच.

आता बोटं. गिरगावची पाडव्याची शोभायात्रा ज्यांनी उभं राहून काढली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फडके गणपती मंदिरापासून यात्रा निघते, आपण ठाकूरद्वारच्या नाक्याला कुठेतरी दुकानाच्या पायरीवर जागा धरून उभे. सकाळचं ऊन तिरपं. एका बाजूच्या इमारतींनी अर्धा रस्ता सावलीत टाकलेला आणि जिथे गल्ली फुटते तिथे एकदम डोळे दिपवणारा उजेडाचा पट्टा. नऊवारी नेसलेली, फेटा बांधलेली बाई बुलेटवरून सावलीतून येते, त्या पट्ट्यात शिरते, परत सावलीत जाते. सगळं मिळून चार सेकंद. पट्ट्यात शिरताना नाकातली नथ चमकते आणि चेहरा जळतो, म्हणजे फोटोत पांढराफटक पडतो. तुम्हाला चेहरा हवा असेल तर तेवढ्यात अंगठ्याने मागची चकती तीन टिचक्या फिरवून उजेड कमी करायचा असतो आणि पुढच्या बोटाने ॲपर्चर (लेन्सचं भोक) आहे तिथेच राखायचं असतं. डोळा फाइंडरवरून न काढता. एकच चकती असलेल्या कॅमेऱ्यात तेच काम करायला एक बटण दाबून धरून चकती फिरवावी लागते. घरी सोफ्यावर बसून यात काहीच फरक नाही. मागून ढोल-ताशा कानठळ्या बसवतोय आणि एक काका तुमच्या खांद्यावरून मोबाइल पुढे काढतायत, तेव्हा फरक पडतो.

शिवाय वरच्या चकतीवर यू१ आणि यू२ अशा दोन जागा आहेत, त्यात आपली ठरलेली सेटिंग्ज साठवता येतात. माझं यू१ म्हणजे रस्ता, यू२ म्हणजे पक्षी. एवढंच. पण नऊ वर्षांत मेनूमध्ये मी जेवढा वेळ घालवला असेल त्यापेक्षा जास्त वेळ एटीएमच्या मेनूत गेला असेल.

बोटांचाच आणखी एक मुद्दा, आणि माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा. बाबांचा एक जुना ५० मिमी एफ १.८ लेन्स होता, हाताने फोकस करायचा, फिल्मच्या कॅमेऱ्याचा. बाबा गेल्यावर तो कपाटात, नॅप्थालीनच्या गोळ्यांच्या शेजारी पडून होता. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जागा, १९५९पासूनचा. स्वस्त बॉडीवरही तो लेन्स बसतो, पण उजेड मोजून देत नाही, अंदाजपंचे फोटो काढायचे. डी७२००च्या माउंटभोवती एक छोटी खुंटी आहे, ती लेन्सची ॲपर्चरची कडी ओळखते. मेनूत एकदा ५० मिमी आणि एफ १.८ भरून ठेवलं की मीटर चालू. फोकस हाताने करायचा, पण फाइंडरच्या खालच्या पट्टीत डावा-उजवा बाण दाखवतो आणि फोकस बसला की ठिपका लागतो.

पहिला फोटो आईचा काढला. खिडकीशी बसून गवार मोडत होती. लेन्सची कडी फिरवताना बोटाला तिच्या खाचा लागत होत्या, त्या खाचांत वर्षानुवर्षांचा बाबांच्या हाताचा मळ बसलेला. मी तो अजून साफ केलेला नाही. ठिपका लागला, क्लिक केलं. आई म्हणाली, "हे असंच करायचे, घरात कुणाला सुखाने बसू द्यायचे नाहीत."

२०१७मध्ये डी७५०० आला तेव्हा त्यातून ही खुंटी काढून टाकली, कार्डाचा दुसरा खणही काढला. मेगापिक्सेल २४चे २०.९ झाले त्याचं मला काही नाही. खुंटीचं आहे.

दुसऱ्या खणाचंही सांगतो, थोडक्यात. मामेबहिणीच्या लग्नात अंतरपाट खाली येताना पहिलं कार्ड मेलं. कंपनीचं नाव घेत नाही. कॅमेऱ्यात दोन कार्डं होती, दुसऱ्यावर सगळं उतरत होतं. मामीला हे आजतागायत माहीत नाही. आता कळेल.

कुरकुर करायची तर तीही आहेच. आयएसओचं, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते ठरवण्याचं, बटण मागे, स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिलंय. म्हणजे आयएसओ बदलायचा तर लेन्सला आधार दिलेला डावा हात सोडा. विसर्जनाच्या रात्री, एका हाताने गुलालापासून लेन्स वाचवताना, हे डिझाइन करणाऱ्याला एकदा लालबागला आणावंसं वाटतं. (डी७५००मध्ये हे बटण वर शटरजवळ आलं. एका हाताने देतात, दुसऱ्याने काढून घेतात.) मी तोडगा म्हणून ऑटो आयएसओ लावून ६४००ची मर्यादा घालून ठेवली. ६४००ला दाणे दिसतात, पण रात्रीच्या मिरवणुकीत दाणे आणि गुलाल यातला फरक कोण मोजतं.

स्क्रीन हलत नाही, त्यामुळे जमिनीलगतचा फोटो हवा असेल तर जमिनीवर झोपा. व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊ नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे फाइंडरऐवजी स्क्रीनवर बघताना, फोकस शोधताना पुढेमागे डोलत राहतो. ज्यांना व्हिडिओ करायचे होते त्यांच्यासाठी त्या काळातला कॅनन ८०डी सरळ सरळ वरचढ होता, फिरणारा टच स्क्रीन आणि व्हिडिओत गुळगुळीत बसणारा फोकस. हे मान्य करायला निकॉनवाल्यांना जड जातं, मला जात नाही.

आणि वजन. बॅटरी-कार्डासकट नुसती बॉडी ७६५ ग्रॅम. किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारा) लावला की सव्वा किलोच्या घरात. ८.१२ फास्टला सॅक पोटाशी धरून उभं राहायचं, मागचा माणूस तुमच्यावर, तुम्ही पुढच्यावर आणि मध्ये आरडी मोडून घेतलेली वस्तू. पण याच वजनात ती बॅटरी येते जी कंपनीच्या मोजणीप्रमाणे १११० फोटो चालते, आणि माझा अनुभव याहून वाईट नाही. शिवडीला आम्ही दोघं-तिघं जातो, मिररलेसवाला मित्र खिशात तीन बॅटऱ्या घेऊन येतो. मी चार्जर घरी विसरतो आणि कळतही नाही.

शिवडीचं निघालंच आहे तर. फ्लेमिंगो बघायला भरतीचं वेळापत्रक बघून जायचं, पाणी चढायला लागलं की ते चिखलावरून सरकत सरकत काठाकडे येतात. आता समोर अटल सेतू आहे, फ्रेममध्ये आणा नाहीतर टाळा, काहीतरी ठरवावं लागतं. थवा उडाला की १४ बिटच्या रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) अठरा फ्रेम सलग मिळतात, तीन-साडेतीन सेकंद. आधीच्या डी७१००ला सहाच मिळायच्या. अठरामध्ये सतरा गुलाबी ढिगारे आणि एक फोटो, हे माझं प्रमाण आहे, कॅमेऱ्याचं नाही.

मुंबईत या कॅमेऱ्याचा खरा शत्रू आयएसओ नाही, की मिररलेस नाही. पावसाळा आहे. दुसऱ्याच वर्षी बाबांचा लेन्स फोकस जड झाला म्हणून बोराबाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला होता. त्याने लेन्स डोळ्याजवळ धरून मागून टॉर्च मारली आणि न बोलता माझ्याकडे दिला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, एका कडेने मध्याकडे निघालेले. फंगस. "चमड्याच्या केसमध्ये ठेवला होता ना?" हो म्हणालो. "चमडं ओल धरतं. अजून काचेवरचं कोटिंग खाल्लं नाही, वाचला." त्याने उघडून साफ करून दिला आणि पैसे अपेक्षेपेक्षा कमी घेतले.

तेव्हा ड्राय कॅबिनेट परवडणारं नव्हतं. मग आईचा पापडांचा हवाबंद डबा ढापला, त्यात सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवला. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला पाहिजे. जुलैत गोळ्या आठवड्यात गुलाबी पडतात. मग त्या लोखंडी कढईत मंद आचेवर परतायच्या, हळूहळू परत निळ्या होतात. आई बघत असते. "पापड सादळले तर चालतात, याचं यंत्र सादळायला नको." त्या कढईत आता दुसरं काही शिजत नाही, हे तिने बजावून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र हा कॅमेरा कधीच सोडवू शकला नाही. एका स्टेशनच्या पुलावर मी संध्याकाळच्या गर्दीचा फोटो काढत होतो. कुणीतरी हटकलं, "ओ दादा, परमिशन आहे का?" नाही म्हटलं. "मग ठेवा आत." शेजारी पाच जण मोबाइलवर तेच काढत होते, एक तर लाइव्ह करत होता. त्यांना कुणी विचारलं नाही. मोठ्या लेन्सचा माणूस म्हणजे एकतर पत्रकार नाहीतर संशयित.

भाचा विचारत होता, मामा, सेकंड हँड डी७२०० घेऊ का? घे. शटर काउंट बघ, पण त्याहून लेन्समधून टॉर्च मारून बघ. दोन्ही चकत्या फिरवून बघ, टिचकी नीट लागते का. आणि इन्स्टाच्या रील करायच्या असतील तर घेऊ नकोस, पैसे साठव.

माझा मात्र त्याला मिळणार नाही. शनिवारी घरी आलो तेव्हा बायकोने नुसतं सॅककडे बघितलं आणि काही विचारलं नाही. डबा उघडला तर गोळ्या गुलाबी. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि कढई गॅसवर चढवली.